यूएम कव्हरेज ठेवायचं की काढायचं, आमचं काय ठरलं आणि कसं

यावेळी गाड्यांच्या इन्शुरन्सचं रिन्यूअल आलं ते सहा महिन्यांना १,१४० वरून थेट १,३९० डॉलर. अपघात नाही, तिकीट नाही, गाड्या त्याच दोन. कॅलिफोर्नियात गेली दोन-तीन वर्षं सगळ्यांचेच हप्ते वाढतायत त्यामुळे नवल काही नव्हतं, पण एवढी रक्कम बघितल्यावर माणूस डेक्लरेशन पेज, म्हणजे पॉलिसीतली सगळी कव्हरं आणि त्यांचे हप्ते लिहिलेलं पान, उघडून एकेक ओळ वाचतोच. त्यात एक ओळ होती अनइन्शुअर्ड मोटरिस्ट (हेच यूएम), बॉडिली इंज्युरी म्हणजे शारीरिक इजा, ३०/६० (एका माणसाला ३० हजार, एका अपघातात सगळ्यांचे मिळून ६० हजार डॉलर), दोन्ही गाड्यांचे मिळून ४६ डॉलर. नवरा म्हणाला, हे काढून टाकूया, आपल्याकडे हेल्थ इन्शुरन्स चांगला आहे, गाडीला कोलिजन (धडकेत आपल्याच गाडीचं झालेलं नुकसान भरून देणारं कव्हर) आहे, मग हे तिसरं कशाला? प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे लगेच द्यायला उत्तर नव्हतं, म्हणून मी ते शोधायचं ठरवलं. आमच्याकडे फ्रीमॉन्टमध्ये दर दुसऱ्या मराठी घरात हीच चर्चा चालते म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे हे कव्हर गाडीसाठी नाहीच. नाव ऐकून वाटतं की बिनविम्याच्या माणसाने गाडी ठोकली की गाडी दुरुस्त करून मिळेल. तसं नाही. यूएम बॉडिली इंज्युरी म्हणजे ज्याच्याकडे इन्शुरन्सच नाही अशा माणसाच्या चुकीने आपल्याला, किंवा आपल्या गाडीत बसलेल्या कोणालाही इजा झाली, तर त्याच्या कंपनीने जे द्यायला हवं होतं ते आपली कंपनी देते. हॉस्पिटलची बिलं, बुडालेला पगार, पुढचे उपचार आणि वेदनेची भरपाईसुद्धा. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की ज्याच्या नावावर पॉलिसी आहे तो आणि त्याच्या घरात राहणारे नातेवाईक गाडीत नसले तरी कव्हर असतात. रस्ता क्रॉस करताना, सायकलवर, दुसऱ्याच्या गाडीत. माझी मुलगी सायकलने शाळेत जाते, वाटेत मोठे चौक लागतात, आणि तिला ठोकणाऱ्याकडे विमा नसेल तर तिच्यासाठी पैसे येणार ते ह्याच ओळीतून. हे वाचल्यावर ४६ डॉलरकडे बघायची माझी नजरच बदलली.

बाबांशी फोनवर बोलले. बाबा सांगलीत जनरल इन्शुरन्समध्येच होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण विषय निघाला की अजून तासभर बोलतात. त्यांचा पहिला प्रश्न, "अगं पण समोरच्याचं थर्ड पार्टी असेलच की, कायद्याने लागतंच ना तिकडे?" लागतं, पण किती लागतं ते सांगितल्यावर ते गप्पच झाले. कॅलिफोर्नियात २०२४ संपेपर्यंत समोरच्या एका माणसाच्या इजेसाठी किमान १५,००० डॉलर, एका अपघातात सगळ्यांचे मिळून ३०,००० आणि वस्तूंच्या नुकसानीला ५,००० एवढंच बंधन होतं, आणि हे आकडे १९६७ पासून बदललेले नव्हते. १ जानेवारी २०२५ पासून ते ३०/६०/१५ झाले. तरी ३० हजार म्हणजे इथल्या ट्रॉमा सेंटरमध्ये किती पुरणार, अँब्युलन्स, सीटी स्कॅन, एक ऑपरेशन आणि दोन दिवस अ‍ॅडमिट एवढ्यात ते संपूनही जातात. भारतात आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात थर्ड पार्टीच्या मृत्यूला किंवा इजेला रकमेची मर्यादाच नाही, अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती विमा कंपनीने द्यायची, मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाखांची. बाबांच्या डोक्यात तेच गणित. त्यामुळे त्यांना बिनविम्याच्या गाडीपेक्षा इथला अपुरा विमा जास्त विचित्र वाटला, आणि खरं सांगायचं तर नंतर मलाही तोच मोठा मुद्दा वाटायला लागला.

बिनविम्याचे किती असतात तर इन्शुरन्स रिसर्च कौन्सिलच्या आकड्यानुसार २०२२ मध्ये देशभरात १४ टक्के, म्हणजे सातात एक. २०१९ मध्ये हेच १२.६ टक्के होते. राज्याराज्यांत फरक प्रचंड, २०१९ मध्ये मिसिसिपीत २९.४ टक्के आणि न्यू जर्सीत ३.१. म्हणजे संध्याकाळी आपण ८८० हायवेवर अडकलेलो असतो तेव्हा आजूबाजूला अशा काही गाड्या असणारच. त्यात सगळे बेजबाबदार असतात असं मी म्हणणार नाही, हप्ता एवढा वाढल्यावर एखाद्याचं पेमेंट चुकतं, पॉलिसी लॅप्स होते आणि तरी कामावर तर जावंच लागतं. पण त्याने माझ्या मुलीला ठोकलं तर कारण काहीही असो, त्याच्याकडून वसूल करायला काही नसतं. केस करून निकाल आपल्या बाजूने लागला तरी तो कागदावरच राहतो.

आता नवऱ्याचा मुद्दा, हेल्थ इन्शुरन्स आहे ना. ह्यावर आम्ही दोघांनी खरंच कागद घेऊन हिशेब मांडला. आमच्या प्लॅनला फॅमिली डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) ३,५०० आणि आउट ऑफ पॉकेट मॅक्स ८,०००. म्हणजे कितीही मोठा अपघात झाला तरी नेटवर्कमधल्या उपचारांचं आपल्या खिशातून वर्षाला ८,००० च्या वर जात नाही. इथपर्यंत नवरा बरोबर. पण हेल्थ इन्शुरन्स पगार देत नाही. राज्याचं डिसॅबिलिटी इन्शुरन्स आहे, २०२५ पासून पगाराच्या ७० ते ९० टक्के मिळतात आणि ते ५२ आठवड्यांपर्यंत, पण आठवड्याला कमाल रक्कम ठरलेली आहे आणि आयटीतला पगार त्या मर्यादेच्या बराच वर असतो. घराचा हप्ता तर तेवढाच राहतो. त्यात आमचं घर एका पगारावर, नवरा एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर, माझा त्याच्यावर अवलंबून असलेला एच-फोर, माझ्याकडे वर्क परमिट नाही. एफएमएलए ह्या रजेच्या कायद्याखाली नोकरी १२ आठवडे टिकते, त्यानंतर कंपनीची मर्जी, आणि नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर बॅग भरायची. पाय मोडून पडलेला माणूस ६० दिवसांत इंटरव्ह्यू कसे देणार? आमच्यासारख्यांच्या बाबतीत एक वर्ष काम करता आलं नाही ह्याची किंमत हॉस्पिटलच्या बिलापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि ती हेल्थ इन्शुरन्समध्ये कुठेच धरलेली नाही.

आणखी एक म्हणजे आई-बाबा. ते यंदा चार-पाच महिने राहायला येणार होते. त्यांच्याकडे इथला हेल्थ इन्शुरन्स नाही, व्हिजिटर इन्शुरन्स असतो, आणि त्यातही फिक्स्ड बेनिफिट प्लॅन घेतला तर प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम, बाकी आपली. सत्तरीच्या पुढे तर कमाल रक्कमही कमी होत जाते. ते माझ्या गाडीत मागे बसलेले असताना बिनविम्याच्या माणसाने ठोकलं तर माझ्या यूएममधून त्यांना मिळतं, कारण ते गाडीतले प्रवासी. पण ते दोघं संध्याकाळी फिरायला गेलेत आणि पायी असताना कोणी धडक दिली तर? तिथे घरात राहणारा नातेवाईक ही अट लागते, आणि काही महिन्यांसाठी आलेला पाहुणा त्यात बसतो का? मी हे एजंटला ईमेलवर विचारलं, फोनवर नाही, कारण उत्तर लेखी हवं होतं. उत्तर आलं की पाहुण्यांना धरतीलच असं समजून चालू नका. म्हणून त्यांच्यासाठी फिक्स्ड बेनिफिट न घेता कॉम्प्रिहेन्सिव्ह व्हिजिटर प्लॅन घेतला. तो थोडा महाग पडला पण तिथे काटकसर करायची माझी तयारी नव्हती.

आता आकड्यांचं, आणि इथे नीट लक्ष द्या कारण आमचा निर्णय खरा इथे फिरला. अनइन्शुअर्डबरोबर अंडरइन्शुअर्ड मोटरिस्टही त्याच कव्हरमध्ये येतं, म्हणजे समोरच्याकडे विमा आहे पण अपुरा आहे. पण कॅलिफोर्नियात ते त्याच्या रकमेवर वरून जोडून मिळत नाही, वजा करून मिळतं. समोरच्याची मर्यादा ३० हजार आणि माझं यूएमही ३० हजार, तर माझं नुकसान दोन लाखांचं असलं तरी अंडरइन्शुअर्डमधून शून्य. माझं यूएम एक लाख असेल तर त्याचे ३० वजा होऊन जास्तीत जास्त ७० हजार. अडीच लाख असेल तर २ लाख २० हजार. आणि आधी त्याच्या पॉलिसीतले पैसे पूर्ण घ्यायचे, मग आपली कंपनी. म्हणजे आमच्या जुन्या ३०/६० मध्ये अपुऱ्या विम्यापासूनचं संरक्षण जवळजवळ नव्हतंच, कारण आता कमीत कमी विमा घेणाऱ्याकडेही तेवढाच असतो. दोन गाड्या आहेत, दोन्हीवर हप्ता भरतो, मग ३० अधिक ३० असं साठ धरता येतं का, तर नाही, इथे ते स्टॅक होत नाही. आणि यूएम स्वतःच्या लायबिलिटीपेक्षा, म्हणजे आपल्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर लागणाऱ्या विम्यापेक्षा, जास्त घेता येत नाही, त्यामुळे यूएम वाढवायचं तर आधी लायबिलिटी वाढवायला लागते. आमची १००/३०० होती.

मी तीन प्रकारे कोट काढायला सांगितलं. यूएम पूर्ण काढलं तर ४६ डॉलर वाचतात. यूएम १००/३०० केलं तर ४६ चे ९८ होतात. लायबिलिटी आणि यूएम दोन्ही २५०/५०० केलं तर लायबिलिटीचे ६० वाढतात आणि यूएमचे १४८ होतात, म्हणजे एकूण १६२ जास्त, महिन्याला २७ डॉलर. हप्ता कमी करायला बसलो होतो आणि इथे वाढतोय म्हणून नवरा नाराज. तेव्हा मी म्हटलं की पैसे कमी करायचे तर जो फटका आपल्याला सहन होतो तिथले करूया. होंडाचं कोलिजन डिडक्टिबल ५०० होतं ते १,००० केलं तर सहा महिन्यांना ८५ डॉलर कमी. पाचशे डॉलर जास्त भरायला लागले तर जीवावर येईल पण घर चालू राहील. नवरा वर्षभर बिछान्यात पडला तर राहणार नाही. हा फरक त्याला लगेच पटला, आणि खरं म्हणजे त्यानंतर वाद संपलाच.

गाडीचं वेगळं आहे, ते थोडक्यात सांगते. यूएम प्रॉपर्टी डॅमेज म्हणून निराळी ओळ असते, ती इथे जास्तीत जास्त ३,५०० डॉलरपर्यंतच आणि ज्या गाडीला कोलिजन नाही तिच्यासाठी. कोलिजन असलेल्या गाडीला त्याऐवजी कोलिजन डिडक्टिबल वेव्हर मिळतं, म्हणजे बिनविम्याच्या माणसाने ठोकलं तर डिडक्टिबल आपल्याला भरावं लागत नाही. डिडक्टिबल १,००० केल्यावर ते वेव्हर आमच्यासाठी जास्त कामाचं झालं. आमची जुनी कोरोला नुसत्या लायबिलिटीवर आहे, तिला प्रॉपर्टी डॅमेज घेतलं, सहा महिन्यांना आठ डॉलर. पण त्यात समोरची गाडी ओळखता यायला हवी, चालक, मालक नाहीतर निदान नंबर प्लेट. पार्किंगमध्ये कोणी ठोकून निघून गेला तर ह्यातून काही मिळत नाही. हे ऐकल्यावर आम्ही दोन्ही गाड्यांना डॅशकॅम लावले, पुढे आणि मागे.

क्लेम प्रत्यक्षात कसा जातो हे मला ओळखीतल्या एका काकूंकडून कळलं. गणपतीच्या कार्यक्रमाला भेटतात, फार प्रेमळ. सिग्नल तोडून आलेल्या गाडीने त्यांच्या गाडीला बाजूने धडक दिली, खुबा मोडला, ऑपरेशन, मग काही आठवडे रिहॅबमध्ये. त्या चालकाची पॉलिसी लॅप्स झालेली. त्यांचं यूएम १००/३०० होतं म्हणून दावा करता आला, पण त्या म्हणाल्या की पैसे आपोआप येतात असं समजू नकोस गं. यूएममध्ये समोर आपलीच कंपनी असते, आणि ती त्या चालकाच्या जागी बसून प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारते. जुना संधिवात होता का, आधी फिजिओथेरपी घेतली होती का, एवढ्या सेशनची गरज काय. सगळे जुने रेकॉर्ड मागवले. रकमेवर एकमत होईना तेव्हा वकिलाने आर्बिट्रेशन, म्हणजे लवादाकडून निवाडा, मागितलं, कारण इथे यूएमचा वाद कोर्टात न जाता आर्बिट्रेशनमध्ये जातो, आणि मग सुनावणीच्या आधी तडजोड झाली. वर्षाच्या वर गेलं. वकिलाचा हिस्सा गेला, हेल्थ इन्शुरन्सने भरलेल्या पैशातला काही भाग त्यांनी परत मागितला, तोही गेला. तरी उरलेल्या पैशात मुलीने बिनपगारी रजा घेतली होती ती भरून निघाली, घरात रॅम्प झाला, रोज येणारी मदतनीस ठेवता आली. काकू आता काठी न घेता चालतात. त्या म्हणाल्या, कव्हर नसतं तर मुलीची रजा तशीच बुडाली असती आणि मदतनीस ठेवणं आम्हाला झेपलंच नसतं.

त्यांनी सांगितलेल्या आणि मी नंतर पॉलिसीत शोधून पक्क्या केलेल्या काही अटी सांगते, कारण अपघातानंतर डोकं जागेवर नसतं. ठोकून पळून गेला तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करायची, आणि ३० दिवसांत कंपनीला शपथेवर लेखी निवेदन द्यायचं. पळून गेलेल्या अनोळखी गाडीचा आपल्याला किंवा आपल्या गाडीला प्रत्यक्ष स्पर्श झालेला असायला हवा. कोणी अचानक लेन कापली म्हणून आपण गाडी वळवून डिव्हायडरवर गेलो, आणि तो तसाच निघून गेला, तर यूएम लागू होत नाही, जरी त्यात आपली काहीच चूक नसली तरी. नंबर प्लेट मिळाली, गाडी सापडली आणि तिला विमा नाही असं निघालं तर गोष्ट वेगळी, म्हणून परत डॅशकॅम. दाव्यासाठी एकूण मुदत दोन वर्षं, त्याच्या आत तडजोड, आर्बिट्रेशनची रीतसर मागणी किंवा केस ह्यांपैकी काहीतरी झालेलं हवं. मेडपे (चूक कोणाचीही असो, आपली उपचारांची बिलं भरणारं कव्हर) घेतलेलं असेल तर ते पैसे लगेच मिळतात पण यूएममधून तेवढे वजा होतात, एकच बिल दोनदा मिळत नाही.

यूएम नको असेल तर कंपनी ते गुपचूप काढू शकत नाही, आपली लेखी सही लागते. पण ज्यांची नावं पॉलिसीवर आहेत त्यांतल्या एकाने सही केली तरी ती सगळ्यांना लागू होते, गाडीतल्या प्रवाशांनासुद्धा. म्हणजे नवऱ्याने ऑनलाइन कोट घेताना भराभर ई-साइन केलं तर बायकोला आणि मुलांनाही ते कव्हर राहत नाही, आणि तिला कळणारही नाही. हे मला फार लागलं. कमी हप्ता दाखवायला काही ठिकाणी कोट यूएम काढूनच देतात, मी तुलना करायला दुसरीकडून घेतलेल्या एका कोटमध्ये तेच होतं, स्वस्त दिसलं कारण ती ओळच नव्हती. बायकांनो, पॉलिसीवर तुमचं नाव असेल तर डेक्लरेशन पेज स्वतः उघडा, आणि ती ओळ नसेल तर घरात विचारा की सही कोणी केली.

अंब्रेलाबद्दल, म्हणजे लायबिलिटीच्या वरच्या जादा विम्याबद्दल, बरेच जण म्हणतात की आमची एक मिलियनची अंब्रेला आहे, आम्हाला चिंता नाही. अंब्रेला ही आपण दुसऱ्याचं नुकसान केलं त्यासाठी असते, दुसऱ्याने आपलं केलं त्यासाठी नाही. काही कंपन्या तिला यूएमचं एंडॉर्समेंट (जोडपत्र) जोडून देतात पण ते वेगळं मागावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे. आमची लायबिलिटी आता २५०/५०० झाल्यामुळे अंब्रेला मिळू शकते, बहुतेक कंपन्या तेवढी अट घालतात, तर त्याचा कोट पुढच्या रिन्यूअलला त्या एंडॉर्समेंटसकट मागणार आहे.

तर आम्ही २५०/५०० केलं, वेव्हर ठेवलं, कोरोलाला प्रॉपर्टी डॅमेज घेतलं, डिडक्टिबल वाढवलं. कोरोलाचे ते आठ डॉलर धरून सहा महिन्यांना निव्वळ ८५ डॉलर वाढले.

माझी बहीण डॅलसजवळ असते, तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली मी पण असंच करते, आणि मी तिला थांबवलं कारण टेक्सासचं गणित निराळं आहे. तिकडे किमान लायबिलिटी ३०/६०/२५, यूएम आणि पीआयपी (चूक कोणाचीही असो, आपली बिलं आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग देणारं कव्हर) दोन्ही नको असतील तर लेखी नाकारावी लागतात, आणि यूएममधून गाडीचं नुकसानही भरून मिळतं, २५० डॉलर डिडक्टिबल ठेवून. शिवाय तिकडे समोरच्याची रक्कम आपल्या मर्यादेतून नाही तर प्रत्यक्ष नुकसानीतून वजा होते, म्हणजे तिचं ३०/६० सुद्धा समोरच्याच्या ३० हजारांवर वरून कामाला येतं, आमच्यासारखं शून्य होत नाही. न्यू जर्सीत तर स्टँडर्ड पॉलिसीत यूएम असतंच, तिथे प्रश्न फक्त किती घ्यायचं एवढाच. त्यामुळे बहिणीने एवढ्यात १००/३०० केलंय आणि पीआयपी अडीच हजारांचं ठेवायचं की वाढवायचं ते ती एजंटला विचारून ठरवणार आहे.